मॉडेलवाल्यांचे प्रश्न: पितळ कुठे लावायचं आणि कुठे पैसे वाचवायचे

प्रश्न (वास्को): १/७२ चं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, सी हॅरियर लढाऊ विमानाचं प्लास्टिक मॉडेल करतोय, बोगमाळोच्या नेव्हल एव्हिएशन म्युझियममध्ये उभं आहे तसं, आपल्या नेव्हीच्या रंगात. ऑनलाइन बघितलं तर फोटोएचचा (ॲसिडने कोरलेल्या पातळ पितळी भागांचा) सेट, व्हाइट मेटलचं (ओतीव धातूचं) लँडिंग गिअर म्हणजे चाकांचे पाय, मेटलचा पिटो (हवेचा वेग मोजणारी नळी) सगळंच मिळतंय आणि बेरीज किटच्या वर जातेय. बायको म्हणते खेळण्यापेक्षा खेळण्याचे दागिनेच महाग. सगळं घेऊ का?

उत्तर: वहिनींशी वाद घालू नका, निम्मं तरी त्यांचं बरोबर आहे. सगळं नका घेऊ. एकच घ्यायचं असेल तर पिटो घ्या. प्लास्टिक साच्यातून काढताना एका मर्यादेपलीकडे बारीक करताच येत नाही, समजा किटमधला पिटो ०.८ मिमी जाड आहे तर त्याला ७२ ने गुणा, ५८ मिमीच्या जवळ जातं, म्हणजे विमानाच्या नाकावर नळाचा पाइप बसवल्यासारखं. आणि सी हॅरियरचा पिटो असतो बरोब्बर नाकाच्या टोकावर, बघणाऱ्याची नजर पहिली तिथे आणि पुसताना फडकं अडकून मोडणारही पहिला तोच. पोलंडची मास्टर कंपनी लेथवर काढलेले असले पिटो आणि तोफांच्या नळ्या बनवते, तुमच्या विमानाचा मिळतोय का बघा. नाही मिळाला तर गोव्यात गिटार काय शोधायला लागते? सगळ्यात बारीक तार बऱ्याचदा ०.०१० इंची असते, म्हणजे पाव मिमी, खऱ्या मापात १८ मिमी. फार्मसीतून २४ नंबरची नवी सुई आणा, बाहेरून ०.५७ आणि आतून ०.३१ मिमी, तार तिच्यात सरकवली की मागे जाड पुढे बारीक असा पिटो तयार. सुई पकडीने तोडू नका, भोक चेपतं. कानशीखाली गोल फिरवत फिरवत कापा, आणि डोळ्यांना चष्मा लावून. तार स्टीलची आहे, आपल्या हवेत गंजणार, तेव्हा प्रायमर हवाच.

लँडिंग गिअर मात्र सोडून द्या. लोकांना वाटतं मेटल म्हणजे मजबूत, पण व्हाइट मेटल मऊ असतं, बोटाने वाकतं, आणि बरेचसे असे पाय किटच्याच प्लास्टिकवरून साचा काढून ओतलेले असतात त्यामुळे डिटेल काही वाढत नाही. तुमचं विमान जेमतेम २० सेंटिमीटरचं, किटमधलं प्लास्टिक त्याला आरामात पेलतं. मोठ्या स्केलमध्ये, पोटात रेझिनचे पार्ट भरून विमान जड झालं असेल तर गोष्ट वेगळी, तिथेही पितळेचे पाय मिळाले तर ते बरे. फक्त हॅरियरच्या बाबतीत एक गंमत आहे, पुढे एक चाक, मधे जोडचाक आणि पंखांच्या टोकाला दोन बारकी, ही सगळी एकदम जमिनीला टेकवताना प्लास्टिकवाला रडकुंडीला येतो आणि मेटलवाला हळूच वाकवून मोकळा होतो. तेवढ्यासाठी पैसे घालवायचेत का ते तुम्ही ठरवा. घेतलेच तर फेविक्विकने चिकटवू नका, धक्का बसला की टक्कन सुटतं, अराल्डाइट लावा.

फोटोएचचं सोपं आहे, खऱ्या विमानात जे चपटं आणि पातळ ते पितळेचं घ्यायचं. सीटचे पट्टे, जाळ्या, इन्स्ट्रुमेंट पॅनल. चेक कंपनी एदुआर्दचे रंग छापलेले पॅनल आणि पट्टे १/७२ मध्ये हाताने रंगवून तसे होणं कठीणच. पण दांडे, लिव्हर, जे काही गोल असतं ते पितळेच्या पत्र्यात चपटंच येणार, तिथे प्लास्टिकच ठेवा, निर्देशात लिहिलंय म्हणून खरवडून काढू नका. आणि कॅनपी, म्हणजे कॉकपिटवरची काच, बंद ठेवणार असाल तर नुसते पट्टे पुरे, बाकी काही दिसणार नाही.

आपल्या नेव्हीचं सी हॅरियर म्हणजे एफआरएस.५१, ते बाहेरून ब्रिटिश एफआरएस.१ सारखंच, म्हणून त्याचेच सेट बघा, नंतरच्या ब्रिटिश एफए.२ चं नाक वेगळं आहे. तोपर्यंत वाचलेल्या पैशातून मॅट्रा मॅजिक मिसाइल शोधा, आपली विमानं तीच लावायची! १९८३ मध्ये दाबोळीला आलेल्या आणि २०१६ मध्ये निवृत्त झालेल्या या विमानांवर अमेरिकन साइडवाइंडर मिसाइल लावलेली मॉडेल्स बघून माझं डोकं फिरतं.

प्रश्न (फोंडा): दादा, पावसाळ्यात फोटोएच चिकटवलं की आजूबाजूला पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं, काचेवरसुद्धा. ग्लू खराब आहे का?

उत्तर: नाही ताई, ग्लू ठीक आहे. फेविक्विकसारखा सुपरग्लू सुकतो तोच हवेतल्या ओलाव्यामुळे, आणि जुलैत फोंड्याला ओलावा कमी आहे का! त्याची वाफ उडते आणि जवळ जाऊन पांढरी बसते. उपाय म्हणजे थेंब कमी, सुईच्या टोकाने लावा, नळीतून थेट ओतायचा नाही. चिकटवल्यावर कॅनपी लगेच झाकू नका, वाफ आतच अडकते, एक रात्र जाऊ द्या. काच तर फेविकॉलनेच चिकटवा. धातूवरचा पांढरा डाग रंग आणि वार्निश मारलं की बऱ्याचदा झाकला जातो. बाटली सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा, पण बाहेर काढल्या काढल्या उघडू नका, थंड बाटलीत दव धरतं आणि मग ग्लू गोठतो, आधी रूमच्या तापमानाला येऊ दे.

प्रश्न (म्हापसा): काका, मी अकरावीत आहे. फोटोएच वाकवताना तुटतं नाहीतर परत सरळ होतं, आणि रंग नखाने निघतो.

उत्तर: अरे, पितळ आधी नरम कर. चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर एक-दोन सेकंद, रंग बदलला की लगेच बाजूला, लाल होईपर्यंत धरलंस तर बारीक पट्टी वितळून गोळा होईल. आपोआप गार होऊ दे, मग पट्टा सीटवर पडल्यासारखा सैल वळतो. रंग छापलेल्या सेटला हे अजिबात करू नकोस, रंग जळेल. आणि जिथे काटकोन हवा ती घडी नरम न करताच घाल, ती कडकच बरी, फरशीच्या तुकड्यावर स्टीलची पट्टी दाबून धरायची आणि खालून ब्लेड सरकवून उचलायचं. फ्रेटमधून, म्हणजे सगळे पार्ट जोडून येतात त्या पत्र्यातून, पार्ट सोडवतानाही खाली फरशीच घे, कटिंग मॅटवर पत्रा दबतो आणि वाकडा होतो.

रंग निघतो कारण तुझ्या बोटांचं तेल. भांड्याच्या साबणाने धू, वाळव, मेटलचा प्रायमर मार, त्यानंतर हाताने शिवायचं नाही. गॅसचं काम मात्र घरी कोणीतरी मोठं असतानाच कर, आणि आईचा चिमटा वापरू नकोस.