पाझर तलाव राखायचा की फोडायचा?

प्रश्न : आमच्या गावाच्या वरच्या अंगाला (ता. हातकणंगले) १९७२ च्या दुष्काळात बांधलेला मातीचा पाझर तलाव आहे. उंची नऊ मीटर, कालवा नाही. पायथ्याला एका जागी कायम ओल असते, यंदा तिथून पाणी झिरपतंय. पोरं म्हणतात, नदीवरून उपशाचं पाणी आलंय, मग हा धोका कशाला? फोडून टाकू. मेघोलीनंतर आई पावसाळ्यात रात्री झोपत नाही. काय करावं?

उत्तर : आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांची भीती खोटी नाही. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री भुदरगड तालुक्यातला मेघोलीचा तलाव फुटला आणि एका बाईचा जीव गेला.

उद्या सकाळीच ते झिरपणारं पाणी काचेच्या बाटलीत भरा आणि तासभर हलवू नका. मातीच्या बांधातून थोडं पाणी पाझरतंच, त्याबरोबर माती येता कामा नये. बाटलीच्या तळाला माती बसली, तर भराव आतून पोखरतोय. त्याच दिवशी जिल्हा परिषदेच्या जलसंधारण विभागाला आणि तहसीलदारांना लेखी कळवा, ओढ्याकाठच्या घरांना सावध करा.

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका तलावावर चौकीदार मामांनी मला रात्री उठवलं. ‘साहेब, पाणी तांबडं येतंय.’ मी चिखलानं भोक बुजवायला निघालो, तर मुकादमांनी हात धरला. बुजवलं की पाणी दुसरीकडून फुटतं. आम्ही त्या जागेवर आधी वाळू टाकली, मग खडी, वर दगड. पाणी वाहत राहिलं, माती थांबली. पहाटे निवळ पाणी दिसलं तेव्हा मामा तिथंच मटकन बसले.

सांडवाही बघा, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी बाहेर पडायची वाट. मासे जाऊ नयेत म्हणून तिथं जाळी बांधतात, पाणी वाढावं म्हणून वाळूची पोती रचतात. दोन्ही काढा. मातीच्या बांधावरून पाणी गेलं की बांध टिकत नाही.

राहिला उपयोगाचा प्रश्न. पाझर तलावाला कालवा नसतोच, पाणी जमिनीत मुरवायला तो बांधतात. मे महिन्यात तलावाखालच्या आणि वरच्या विहिरींत दोर सोडून पाणी मोजा, पोरांनाच मोजू द्या. नदीवर उपसाबंदी लागते त्या दिवसांत गाव कुणाच्या पाण्यावर जगतं, ते त्यांना दिसेल. खालच्या विहिरीही कोरड्याच निघाल्या, तर तलाव मोडायचा विचार जरूर करा, पण विभागाकडून आराखडा घेऊन आणि तलाव रिकामा असताना. भरल्या तलावाला कुदळ लावली, तर पूर आपणच गावावर सोडू. गाळ काढायचा झाला तरी बांधालगत खणू नका.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात दहा मीटरच्या आतले बांध येत नाहीत. म्हणून तुमच्या तलावावर गावाचाच डोळा हवा.

बाटलीत काय दिसलं, ते मला लगेच कळवा.