सिम काढून टाकल्यावर हरवलेला फोन बंद करता येतो का?

परभणीच्या बसस्थानकावर फोन चोरीला गेला आणि चोराने सिम काढून फेकले, तर आता काही करता येईल का, असे आपण विचारले आहे. निश्चित करता येईल. आपला क्रमांक सिमशी जोडलेला असतो, तर फोनला स्वतःचा १५ अंकी आयएमईआय क्रमांक असतो. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात आणि सिम बदलले तरी ते बदलत नाहीत.

प्रथम पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी आणि त्याच क्रमांकाचे दुसरे सिम काढावे, म्हणजे जुने सिम आपोआप निकामी होते. त्यानंतर सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावरील सीईआयआर या हरवलेले फोन बंद करण्याच्या विभागात आयएमईआय, तक्रारीची प्रत आणि ओळखपत्र देऊन फोन बंद करण्याची विनंती करावी. मग देशातील कोणत्याही कंपनीचे सिम घातले तरी त्या फोनला नेटवर्क मिळत नाही. विनंतीसाठी ओटीपी लागतो आणि नव्या सिमवर एसएमएस सुरू व्हायला २४ तास लागू शकतात, त्यामुळे घाबरून जाऊ नये.

खरी अडचण आयएमईआय सापडण्याची असते. आमच्याकडे हा क्रमांक छापलेले फोनचे खोके चुलीत जाते आणि पावती बियाण्याच्या पिशवीत हरवते, म्हणून घरातल्या प्रत्येक फोनवर आजच *#०६# दाबून दिसणारे अंक सातबाऱ्याच्या फाइलीत लिहून ठेवावेत, ही कळकळीची विनंती.