पॅकिंग नवे, तरी इंजिन हवा ओढते

प्रश्न : माझ्याकडे १९७२ सालची अ‍ॅम्बॅसेडर मार्क २ आहे आणि तिचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन मूळचेच आहे. स्लो स्पीडला इंजिन थरथरते, उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो आणि ३ व ४ क्रमांकाच्या सिलिंडरचे प्लग पांढरे पडतात. वर्षभरात इनटेक मॅनिफोल्डचे (कार्ब्युरेटरमधले हवा-पेट्रोलचे मिश्रण सिलिंडरांकडे नेणाऱ्या नळकांड्याचे) पॅकिंग दोनदा बदलले, दुसऱ्या वेळी सिलंटही लावले. तरी दोन महिन्यांत पुन्हा तेच. पॅकिंगच निकृष्ट मिळते आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपण प्लगचे निरीक्षण नोंदवलेत, त्यामुळे निम्मे निदान झालेलेच आहे. हे इंजिन मूळचे इंग्लंडच्या बीएमसी कंपनीच्या बी-सिरीजचे. त्याच्या हेडला (सिलिंडरांवरच्या झाकणाला) इनटेकची दोनच तोंडे असतात. एक १ व २ या सिलिंडरांना मिळून, दुसरे ३ व ४ यांना मिळून. त्यामुळे मागच्या तोंडाशी फट पडली, की बाहेरची हवा त्या दोन्ही सिलिंडरांत शिरते, मिश्रण पातळ होते आणि प्लगची जोडी एकदम पांढरी पडते. स्लो स्पीडला थ्रॉटल (कार्ब्युरेटरमधली हवेची झडप) जवळजवळ बंद असतो, मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम (हवा आत ओढणारी पोकळी) जोरात असतो, म्हणून त्रास तेव्हाच अधिक जाणवतो.

तरीही खोलण्यापूर्वी खात्री करून घ्यावी. डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी व्हॅक्यूमची नळी, कार्ब्युरेटरच्या बुडाचे पॅकिंग आणि थ्रॉटलचा झिजलेला स्पिंडल (झडपेचा दांडा) या जागा आधी तपासाव्यात. व्हॅक्यूम गेज मिळाल्यास उत्तम. समुद्रसपाटीला चांगल्या इंजिनवर काटा साधारण १७ ते २१ इंचांवर स्थिर राहतो. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने दोनेक इंच कमी धरावेत. जोडावर पेट्रोल किंवा कार्ब्युरेटर क्लीनर फवारण्याची गॅरेजमधली पद्धत या इंजिनावर कृपया वापरू नये, कारण जळालेला वायू बाहेर नेणारा तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड त्याच बाजूला, अगदी लगतच असतो आणि आग लागू शकते. इंजिन थंड असताना चालू करून लगेच जोडावर साबणाचे पाणी सोडावे. पाणी आत ओढले जाऊन इंजिनचा आवाज बदलला, तर फट तिथेच आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. माझ्या मते दोष पॅकिंगचा नाही. इनटेक आणि एक्झॉस्ट या दोन्ही मॅनिफोल्डना मिळून एकच पॅकिंग असते, आणि काही स्टडवरचा (हेडमध्ये बसवलेल्या, नट लावायच्या आट्यांच्या दांड्यावरचा) एकच जाड वॉशर दोघांच्याही फ्लँजवर (जोडाच्या सपाट कडेवर) टेकतो. एक फ्लँज दुसऱ्यापेक्षा किंचित जाड असला, तर वॉशर तिरका बसतो, नटाचा सगळा दाब जाड बाजूवर जातो आणि दुसरी बाजू सैलच राहते. नट कितीही आवळला तरी हे सुधारत नाही, उलट स्टड ताणला जातो. वॉशर काढून उजेडात धरा : त्याच्या एकाच कडेवर घासल्याची चकाकी दिसली, तर हेच कारण समजावे. पूर्वी कोणी एकाच मॅनिफोल्डचे फेसिंग (जोडाची बाजू यंत्रावर घासून सपाट करणे) करून घेतले असेल, तर असे हमखास होते.

म्हणून दोन्ही मॅनिफोल्ड एकत्र उतरवावेत. नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडावे. जुन्या काळच्या पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून चिकटलेले तुकडे ओले करून बोथट पात्याने खरवडावेत, कोरडे घासू नयेत. तेवढा वेळ हेडच्या तोंडांत कापडाचे बोळे ठेवावेत आणि ते काढायला विसरू नये. मग जोडाच्या बाजूवर सरळ पट्टी ठेवून तिच्याखाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घालून पाहावे. ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त पाते आत जात असेल, तर फेसिंग करावेच लागेल. मात्र ते करताना दोन्ही मॅनिफोल्ड एकमेकांना जोडून एकाच पातळीत धरावेत, आणि नंतर वॉशरखालच्या दोन्ही फ्लँजची जाडी कॅलिपरने मोजून सारखी असल्याचे पाहावे. वाकलेले वॉशर बदलावेत.

नवे पॅकिंग कोरडेच बसवावे. साधे सिलिकॉन सिलंट पेट्रोलने फुगते आणि त्याचे तुकडे सुटून आत ओढले जातात. नट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन फेऱ्यांत थोडेथोडे आवळावेत. इंजिन एकदा पूर्ण तापून थंड झाल्यावर पुन्हा एकदा पाहावेत. गळती झाकण्यासाठी कार्ब्युरेटरचे मिश्रण गॅरेजमध्ये दाट केलेले असण्याची शक्यता आहे, तेव्हा ते नव्याने लावून घ्यावे. शंभर-दीडशे किलोमीटर धावल्यावर चारही प्लग काढून शेजारी शेजारी ठेवा. ३ आणि ४ चे टोक १ आणि २ सारखेच फिकट तपकिरी दिसले पाहिजे.