आधी आवाज बंद करून बघ

म्युझिक व्हिडिओचं विश्लेषण करताना कथांचा अभ्यासक तोदोरोव्ह याचं 'संतुलन, बिघाड, पुन्हा संतुलन' हे गोष्टीचं सूत्र प्रत्येक गाण्याला चिकटवत बसू नकोस. कित्येक व्हिडिओंत गोष्टच नसते, नुसता बँड वाजवत असतो. सुरुवातीला आ-हा या नॉर्वेजियन बँडचा 'टेक ऑन मी' (१९८५) घे आणि आवाज बंद करून बघ. कॅफेत कॉमिक वाचणारी मुलगी, पानातून बाहेर येऊन तिला कॉमिकच्या आत ओढणारा नायकाचा पेन्सिलीचा हात: झाला बिघाड. पण खरी गंमत रेषेत आहे. पेन्सिल म्हणजे कल्पना, छायाचित्रण म्हणजे वास्तव, हे कुणी सांगत नाही, तरी आपण बरोब्बर वाचतो. पोरगी बिल बुडवून पळाली असं समजून वेट्रेस कॉमिक चुरगाळते, तेव्हा आतलं जगही धोक्यात येतं. शेवटी कॉमिकमधला तो नायक भिंतींवर आपटत खराखुरा माणूस होतो. तिथे रेषा कधी विरते, ते थांबवून थांबवून टिपून ठेव. चिन्हांचे अर्थ उलगडणाऱ्या रोलाँ बार्थच्या सिद्धांताला त्यानंतर हात लाव.