डायमंड अ‍ॅन्व्हिल सेलमध्ये दाब मोजायला रुबीचा एकच कण पुरतो का? की क्वार्ट्झ वापरू?

नाही पुरत. या सेलमध्ये दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये, गास्केटच्या म्हणजे धातूच्या पातळ पत्र्याच्या भोकात, सॅम्पल दाबतात; सोबतच्या रुबीवर लेझर मारला की ती चमकते आणि दाब वाढेल तशी तिच्या प्रकाशाची तरंगलांबी वाढते, त्यावरून दाब काढतात. ‘आमच्या लॅबमध्ये सगळे एकच टाकतात’ असं तुम्ही लिहिलंय ना, ते वाचूनच माझं डोकं सणकलं.

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी माझं सॅम्पल १२.६ जीपीएला (गिगापास्कल; एक म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण दहा हजार पट) फेज म्हणजे आतली रचना बदलत होतं. रुबी एकच, तीही गास्केटच्या कडेला चिकटलेली. दहाएक मायक्रॉनचा कण सुईच्या टोकावर उचलायचा, श्वास रोखून दीडशे मायक्रॉनच्या भोकात सोडायचा, आणि वरून, दाब सगळीकडे सारखा पोचवायला, मिथेनॉल-इथेनॉलचा थेंब पडला की तो वाहत कुठे जाईल ते त्याच्या मर्जीवर. (आईला अजून वाटतं मी माणकांवर पीएचडी केली, मग एखादं अंगठीला का नाही आणलं!) कडेला गेलाय म्हटल्यावर सर म्हणाले, “राहू दे, रुबी खोटं बोलत नाही.”

अहो, नसेल बोलत, पण ती जिथे बसलीय तिथलाच दाब सांगणार ना? ४:१ मिथेनॉल-इथेनॉल १० जीपीएच्या आसपास घट्ट होतं. त्यापुढे भोकात सगळीकडे दाब सारखा राहत नाही. माझ्या स्पेक्ट्रममध्ये ते ढळढळीत दिसत होतं. आर-१ आणि आर-२ या रुबीच्या प्रकाशाच्या दोन रेषा आधी छान सुट्ट्या असायच्या, त्या फुगून एकमेकींत घुसल्या होत्या. सरांनी फिटिंग मारून, म्हणजे त्यावर गणिती वक्र बसवून, आकडा काढला. फिटिंगला काय, म्हणाल तो आकडा देतं.

पुढच्या लोडिंगला कुणाला न विचारता तीन कण टाकले. रात्री अडीचला, एसीत शाल गुंडाळून, निऑनच्या दिव्यावर स्पेक्ट्रोमीटर पुन्हा कॅलिब्रेट केला आणि वाचलं: कडेची रुबी ६९८.७ नॅनोमीटर, मधली ६९९.२. तरंगलांबीवरून दाब काढायच्या माओ आणि सहकाऱ्यांच्या १९८६ च्या स्केलने साधारण १२.६ आणि १४ जीपीए. सॅम्पल मधोमध होतं!

सकाळी सर म्हणाले, “हे लोडिंग बिघडलंय.” पेपर जुन्याच आकड्याने गेला, पुढे प्लस-मायनस ०.१ लावून.

तेव्हा किमान तीन टाका, एक सॅम्पलला खेटून. सेल तापवणार असाल तर आणखी सांभाळा. रुबीची रेषा तापमानानेही सरकते; एका अंशाला ०.०२ जीपीएची चूक म्हणजे पन्नास अंशांना एक जीपीए गेला. तिथे रुबीऐवजी समॅरियम घातलेला स्ट्रॉन्शियम बोरेट बरा, तापमानाने त्याची रेषा फारशी हलत नाही.

क्वार्ट्झचं म्हणाल तर एक्स-रेवर सिंगल क्रिस्टलचं (एकसंध स्फटिकाचं) काम करत असाल तरच. क्वार्ट्झच्या युनिट सेलच्या (स्फटिकात पुन्हापुन्हा येणाऱ्या लहानशा ठोकळ्याच्या) आकारमानावरून दाब काढतात, ९ जीपीएपर्यंतचं कॅलिब्रेशन चांगलं आहे. मी स्वतः केलेलं नाही.

हां, १० जीपीएच्या बऱ्याच खाली काम असेल आणि दोन्ही रेषा सुट्ट्या दिसत असतील, तर एक कणही चालतो. मिथेनॉल-इथेनॉलऐवजी हेलियम भरायची सोय असेल तर त्याच्याही वर. एवढं सरांच्या बाजूने.

तुमचे सर ऐकत नसतील तर वाद घालू नका. गुपचूप तीन टाका, तिन्ही स्पेक्ट्रम तारीख घालून लॉगबुकात चिकटवा आणि त्याच दिवशी खाली त्यांची सही घ्या. माझ्या त्या पानावर सही नाहीये.