बांधकामातली तेजी-मंदी : सुरुवात कुठून करावी

तेजी-मंदीचा अंदाज बांधायची मॉडेल, सॉफ्टवेअर तूर्त बाजूला ठेव. आधी एक साधी वही कर आणि पुण्यातल्या दस्तनोंदणीचे (घर-जमिनीच्या व्यवहारांच्या सरकारी नोंदणीचे) महिन्याचे आकडे दहा वर्षांचे तरी उतरवून काढ.

नवखे हमखास चुकतात ते इथे : मार्चचा आकडा फेब्रुवारीशी ताडतात आणि "तेजी आली" म्हणून मोकळे होतात. अरे, १ एप्रिलला रेडी रेकनरचे दर (सरकारने ठरवलेले मालमत्तेचे दर, ज्यांवरून मुद्रांक शुल्क काढतात) बदलू शकतात, म्हणून मार्चमध्ये रांगा लागतात. पितृपक्षात लोक व्यवहार टाळतात, दसऱ्याला परत येतात. ते तेजी-मंदीचं चक्र नव्हे, कॅलेंडर आहे. मार्चची तुलना मागच्या मार्चशीच कर.

दुसरं, सवलतीचा फुगवटा. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मुद्रांक शुल्कात ३ टक्क्यांची सूट होती, मग मार्च २०२१ पर्यंत २ टक्क्यांची. त्या काळातल्या नोंदणीच्या उड्या पुढच्या महिन्यांतून उसन्या घेतलेल्या होत्या. मीही तेव्हा फसलो, रेघ सरळ वर ओढून बसलो होतो!

आणि विक्री म्हणजे बांधकाम नव्हे. फ्लॅट आज विकला तरी सिमेंट, सळई पुढची दोन-तीन वर्षं लागत राहते. म्हणून तीन रकाने पुरेत :
- नवे प्रकल्प (महारेरा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या संकेतस्थळावर)
- दस्तनोंदणी
- रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो; गृहकर्जाचं व्याज त्याच्यामागे हलतं. मे २०२० मध्ये ४ टक्के, फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५०

कधीतरी हिंजवडी-वाकडला चक्कर मार, क्रेन चालू किती, थांबलेल्या किती ते बघ. पावसाळ्यात मात्र नको, तेव्हा कामं तशीही मंदावतात.

सहा महिने एवढंच कर, मग अंदाजाचं बोलू.