अंग बाहेर येतं, म्हणून पिशवी काढायची?

प्रश्न : वय ५४, तीन बाळंतपणं, पाळी जाऊन चार वर्षं झाली. दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी लिंबाएवढा गोळा हाताला लागतो, आडवं झालं की आत जातो. लघवी पूर्ण झाल्यासारखी वाटत नाही. तपासणीत फक्त पुढची भिंत उतरल्याचं सांगितलं. घरचे म्हणतात, पिशवी काढून टाक.

उत्तर : नुसती पिशवी काढून हा गोळा जाणार नाही. खाली आली आहे ती योनीची पुढची भिंत आणि तिच्यावर टेकलेलं मूत्राशय. पिशवी जागेवर आणि निरोगी असेल तर तिला हात कशाला लावायचा?

आधी तीन-चार महिने व्यायाम करा. वारा आणि लघवी एकदम रोखल्यासारखं आत-वर ओढायचं, ५ सेकंद धरायचं, तेवढाच वेळ सैल सोडायचं. असं १० वेळा, दिवसातून ३ दा. जमेल तसं १० सेकंदांपर्यंत वाढवा. पुष्कळजणी श्वास कोंडून पोट आवळतात, मग जोर खालीच जातो. लघवीची धार मध्येच तोडून सराव करू नका. शिंकण्याआधी, हंडा उचलण्याआधी मात्र आठवणीने आवळा. शौचाला कुंथणं बंद झालंच पाहिजे, नाहीतर व्यायामाचं सगळं पाण्यात.

सोबत उतरलेली भिंत वर धरणारी सिलिकॉनची रिंग योनीत बसवून घेता येते. माप चुकलं तर त्रास होतो: लहान रिंग शौचाच्या वेळी निसटते, मोठी टोचते, लघवी अडवते. म्हणून दवाखान्यातच चालून, खोकून, लघवी करून बघा, मगच घरी जा. दर ३ ते ६ महिन्यांनी ती काढून आतली त्वचा तपासावी लागते. रिंग आत आहे हे विसरलं की जखमा होतात. पाळी गेल्यावर त्वचा कोरडी पडते, त्यासाठी डॉक्टर इस्ट्रोजेनचं क्रीम देतात; स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर आधी सांगा.

एवढ्यानं भागलं नाही तर भिंतीच्या दुरुस्तीची शस्त्रक्रिया आहेच. पण ती केल्यावरही काहीजणींना त्रास परत होतो, हे धरून चाला.

प्रश्न : दुरुस्तीला दोन आठवडे झाले. स्रावात दोऱ्याचे तुकडे दिसतात.

उत्तर : विरघळणारे टाके आहेत ते. स्राव चार ते सहा आठवडे चालतो. तोवर संबंध नको, भरलेली कळशी नको, नातवंडाला कडेवर घेणं नको. चालणं रोज हवं. ताप, दुर्गंधी, पॅड भिजवणारं रक्त, लघवी तुंबणं किंवा एकच पोटरी सुजून दुखणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.